सगळ्यात हिरवं दार

सोमवारी सकाळी गच्चीवर पोचल्यापोचल्या थोरलीचं पहिलं भांडण झालं ते गॅसवाल्याशी. त्या बिचाऱ्याचा तर काही संबंधही नव्हता.

"सिलिंडरात गॅस असतो, की नुसती हवा भरून आणता?" तिने विचारलं.

"बाई, वजन करून घ्या. दर आठवड्याला तेच विचारता."

"दर आठवड्याला तेल कमी निघतंय, म्हणून दर आठवड्याला विचारते."

वजन केलं. अगदी बरोबर भरलं. त्यामुळे ती आणखीनच वैतागली. वजन कमी भरलं असतं तर निदान कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडता आलं असतं. मागच्या आठवड्यात तिने पंपवाल्याला धारेवर धरलं होतं, त्याच्या आधी चौकीदाराला, कारण त्याने आपला ओला टॉवेल एका टाकीवर वाळत घातला होता. टॉवेलची सावली ती केवढी, आणि त्याने तेल कमी होणार ते कितीसं. पण माणूस एकदा कातावला की त्याला टॉवेलही पुरतो.

त्या गच्चीवर चाळीस दारं होती. दारं म्हणजे खरी दारं नव्हेत. दाराएवढ्या उभ्या, चपट्या काचेच्या टाक्या होत्या त्या. पहिल्या दिवशी थोरली "ही एवढी दारं कशाला उभी केलीत?" असं विचारून बसली आणि तेच नाव चिकटलं. आत खारं पाणी आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे हिरवे जंतू, अब्जावधी. खालून सिलिंडरातल्या कार्बन डायऑक्साइड गॅसचे बुडबुडे सोडायचे, बाहेरून ऊन मिळायचं, आणि त्या दोन्हींवर जगून हे जंतू तेल बाहेर टाकायचे. दुधावर साय धरते तसा पाण्यावर तेलाचा थर धरायचा. तो तोटीतून ठिबकत ठिबकत, सगळ्या चाळीस दारांचा मिळून, एकाच कॅनमध्ये जमा व्हायचा. गाळून घेतलं की ते तेल थेट इंजिनात घालता येत होतं. जंतू आपल्या मनाने असलं काही करत नाहीत. तो गुण त्यांच्यात घातला होता धाकटीने, खालच्या प्रयोगशाळेत, नऊ वर्षं खपून.

धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण, आणि इथली साहेबही तीच. वडील गेले तेव्हा थोरली एकोणीस वर्षांची होती आणि धाकटी अकराची. थोरली शिक्षण सोडून एका रोपवाटिकेत कामाला लागली, आणि धाकटी शिकत गेली, शिकत गेली, ती शिकतच राहिली. सव्वीस वर्षांनी रोपवाटिका बंद पडली तेव्हा धाकटी म्हणाली, "ताई, माझ्याकडे ये. झाडांचं काय आणि जंतूंचं काय, जोपासायचंच तर आहे." या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी सगळं छान होतं. आठवड्याला चौदा लिटर तेल निघायचं. मग घोडं कुठे पेंड खायला लागलं देव जाणे, पण गेल्या सात महिन्यांत चौदाचे अकरा, अकराचे आठ आणि आठाचे पाच झाले. आणि पुढच्या बुधवारी, म्हणजे नऊ दिवसांनी, पैसा पुरवणारी समिती येणार होती. त्यांची अट साधी होती, आठवड्याचं बारा लिटर दाखवा. दाखवलं तर काम पुढे चालू. नाही दाखवलं तर गच्ची रिकामी करायची, दारं विकायची आणि धाकटीची नऊ वर्षं एका कुपीत भरून फ्रीजरमध्ये ठेवायची. बंद पडलेल्या कामाचं असल्या फ्रीजरमधून पुन्हा कोणी काही बाहेर काढत नाही, हे दोघींना पक्कं माहीत होतं.

थोरलीला सगळ्यात जास्त वैताग कशाचा होता, तर दारं दिसायला कधी नव्हे इतकी सुंदर दिसत होती. चाळीसपैकी चौतीस दारं कशी गच्च हिरवी, नजर ठरू नये अशी. राहिलेली सहा तेवढी पिवळट, मरतुकडी. दर सोमवारी ती सगळ्यात मरगळलेली चार दारं रिकामी करायची. त्यातलं पाणी ड्रममध्ये ओतून त्यात ब्लीच घालायचं, म्हणजे जिवंत काही गटारात जायला नको. मग दार धुऊन, नवं पाणी भरून, दुसऱ्या चांगल्या दारातलं बादलीभर हिरवं पाणी बी म्हणून त्यात घालायचं. या सोमवारी तिने ठरवलं की चार नाही, सहाच्या सहा पिवळी दारं एकदम काढून टाकायची. समितीसमोर चाळीसही दारं हिरवीगार उभी राहिली पाहिजेत.

ती ब्लीचचा डबा उघडत होती तेवढ्यात धाकटी वर आली. हातात काचेच्या नळ्यांची पेटी, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"ताई, काय करतेयस?"

"दिसत नाही? आजारी दारं काढतेय. ही पिवळी तोंडं काय समितीला ओवाळायला ठेवू?"

"थांब जरा. मला आज प्रत्येक दाराचं तेल वेगळं मोजायचंय."

"आज? सात महिने झोपली होतीस का?"

धाकटी पेटीतल्या नळ्या बाहेर काढायला लागली. ती खरंच सात महिने खाली बसून अहवाल लिहीत होती, बैठकांना जात होती, आणि आठवड्यातून एकदा कॅनवरचा आकडा बघून "ताई, का गं कमी?" एवढं विचारत होती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दोघींनी मिळून चाळीस तोट्या कॅनपासून सोडवल्या आणि प्रत्येकीखाली एक नळी लावली. तासभर थांबायचं होतं. त्या तासात थोरलीने तीनदा सांगितलं की हा वेळेचा अपव्यय आहे, आणि दोनदा सांगितलं की गॅसच पातळ येतो. मग त्या पहिल्या दारापासून बघत निघाल्या.

सगळ्यात हिरवं दार नऊ नंबरचं. थोरलीचं लाडकं. त्याची नळी कोरडी ठणठणीत होती. अकरा नंबरची कोरडी. बारा, तेरा, चौदा, कोरड्या. कुठेतरी एखादा थेंब. आणि कोपऱ्यातल्या तेहतीस नंबरच्या पिवळट दाराखालची नळी काठोकाठ भरून वाहत होती. त्याच्या शेजारचीही. सहाच्या सहा मरतुकड्या दारांखाली तेल होतं, आणि चौतीस टवटवीत दारांखाली मिळून चहाचा चमचा भरेल एवढंही नव्हतं.

धाकटीने खाली बसून घेतलं.

"ताई, बी कुठल्या दारातून घेतेस?"

"नवातून. नाहीतर अकरातून. जे सगळ्यात हिरवं त्यातून. मग काय मेलेल्यातून घेऊ?"

"आणि पिवळी?"

"ती ब्लीचमध्ये. अगं, त्यांच्यावर तेलाचा थर दिसतो तो मला माहीत होता. झाड मरायला टेकलं की असंच करतं. भरमसाट फळं धरतं, डिंक सोडतं, आणि मग वाळतं. मला वाटलं, मरताना तेल सुटतंय."

धाकटीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग हळूहळू सांगायला लागली. ज्या जंतूला तेल बनवावं लागतं त्याचं अन्न तेलातच खर्च होतं. त्याला स्वतःला वाढायला फारसं उरत नाही, म्हणून तो फिका आणि मंद असतो. लाखात एखादा जंतू मात्र चुकून हा गुण गमावून बसतो. मग तो खातो ते स्वतःपुरतंच, भराभर वाढतो, गडद होतो. फ्रीजरमधलं मूळ बी दर तीन महिन्यांनी नव्याने आणलं की असे जंतू फार पसरत नाहीत. पण ते बी दार भरेल एवढं वाढवायला सहा आठवडे जातात, म्हणून सात महिन्यांपूर्वी धाकटीनेच म्हटलं होतं, "ताई, आता नवं बी राहू दे. तुझी नजर चांगली आहे, चालू दारांतलंच जोमदार बघून घेत जा." आणि थोरलीच्या नजरेने दर सोमवारी नेमके तेच निवडले, ज्यांनी काम सोडलं होतं.

थोरली ऐकत होती. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण फसणारं जग म्हणजे आपण, हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे मी सात महिने कामसूंना ब्लीच पाजलं आणि ऐतखाऊंना पोसलं."

"तसंच काहीसं."

"आणि हे तुला माहीत होतं? हे असं होऊ शकतं, हे?"

"तसं सगळ्यांनाच माहीत असतं ताई. म्हणजे, या क्षेत्रात."

"मला नव्हतं माहीत. मला का नाही सांगितलंस? दोन वर्षांत हे कर, ते कर, एवढंच सांगत आलीस. का करायचं, ते एकदाही सांगितलं नाहीस."

धाकटीने मान खाली घातली. "मला वाटलं, तुला कंटाळा येईल."

हे वाक्य थोरलीला फार लागलं. शिवी दिली असती तर बरं, असं वाटलं तिला. तिने ब्लीचच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि त्यानंतर दोन दिवस ती धाकटीशी कामापुरतं बोलली.

काम मात्र ढिगाने होतं. सहा पिवळी दारं म्हणजे आता सोनं. त्यांच्यातलं बी घेऊन बाकीची दारं भरायची, म्हणजे आधी हिरवी दारं रिकामी करायची. नऊ नंबरचं दार ड्रममध्ये ओतताना थोरलीचा हात धजेना. इतकं देखणं पाणी तिने आयुष्यात जोपासलं नव्हतं. शेवटी तिने तोंड फिरवून ओतलं. संध्याकाळी घरी गेली तेव्हा नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता, नुकताच झोपून उठलेला, गाल कसे तुकतुकीत. ती दारातच उभी राहून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तजेला बघतेय," ती म्हणाली आणि आत जाऊन भांडी घासायला लागली.

बुधवार उजाडला. गच्चीवर चाळीस दारं उभी होती, पण काय ती कळा. निम्म्यांत नुसतं गढूळ पाणी, बाकीच्यांत पिवळट काहीतरी. समितीत तिघं जण होते. त्यांच्या अध्यक्षबाई म्हणजे एक पिकल्या केसांच्या इंजिनिअर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कॅनवरच्या खुणांशी वाकून पाहिलं.

"सात," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी चौदा होतं. काय झालं?"

धाकटी सांगायला लागली. तिने तक्ते आणले होते, आकडे आणले होते, आणि ती बोलत होती ते सगळं खरं होतं. पण त्या खऱ्याला शेंडा ना बुडखा. दुसऱ्या पानावरच दोघा सदस्यांनी घड्याळ पाहिलं.

अध्यक्षबाईंनी हात वर केला. "मला एकच सांगा. हे जंतू आपणहून काम सोडतात, की इथे कोणाच्या हातून चूक झाली? आपणहून सोडत असतील तर यात आणखी पैसा घालण्यात अर्थ नाही. आज ना उद्या पुन्हा तेच होणार."

"दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत," धाकटी म्हणाली. "म्हणजे बदल मुळात अत्यल्प प्रमाणात होतोच, परंतु निवडीच्या दबावामुळे..."

अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं. थोरली चार पावलांवर तोटी पुसत उभी होती. तिला कागद दिसत होता, पेन दिसत होतं, आणि आपली शिकलेली बहीण "परंतु" आणि "तथापि" करत स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुळावर येतेय हेही दिसत होतं. या मुलीला सरळ बोलता आलं असतं तर काय बिघडलं असतं.

"चूक झाली," थोरली म्हणाली. "माझ्या हातून."

सगळे वळले. "तुम्ही कोण?"

"ही दारं मी बघते. जंतू सोडतो काम, पण लाखात एखादा. त्या एकाला मी सात महिने निवडून निवडून वाढवलं. हिरवा दिसतो म्हणून. आणि तेल देणारे फेकून दिले. मी रोपवाटिकेतली बाई. हिरवं ते चांगलं, एवढंच मला कळत होतं. मागच्या सोमवारी चूक कळली तेव्हा आठवड्याला पाच लिटर होतं. आज सात आहे. नऊ दिवसांत दोन लिटर वाढलं, ते जंतू काम करतात म्हणूनच ना?"

अध्यक्षबाईंनी पहिल्यांदा कॅनकडे नीट पाहिलं. मग धाकटीकडे. "असं आहे का?"

थोरलीही धाकटीकडेच बघत होती. आता ही म्हणेल, असं तिला वाटलं. एकच वाक्य म्हणायचं होतं. हिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, ते माझं काम होतं. थोरली थांबली. चांगला दहा आकडे मोजून व्हावेत एवढा वेळ गेला. धाकटी हातातल्या तक्त्याची कड सरळ करत राहिली.

"असं आहे," धाकटी म्हणाली.

"मग तीन महिने देते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण दारांवर या विषयातला शिकलेला माणूस नेमा. अशा हातांत हे पुन्हा द्यायचं नाही."

"हो," धाकटी म्हणाली.

समितीला खाली सोडून धाकटी परत वर आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. थोरलीने आपले रबरी हातमोजे धुऊन दोरीवर टाकले होते आणि ती डबा पिशवीत भरत होती.

"ताई, रागावलीस?"

"रागावले. विचारतेस काय."

"तू बोलली नसतीस तर आज सगळं बंद झालं असतं."

"म्हणून तर बोलले. त्याचा राग नाही. तू 'हो' म्हणालीस त्याचाही नाही, म्हणावंच लागलं असतं. पण मधे एवढा वेळ होता. एक वाक्य बोलली असतीस. तेवढ्याने काय त्यांनी तीनाचे दोन महिने केले असते?"

"मी घाबरले," धाकटी म्हणाली आणि रडायला लागली.

थोरलीला या रडण्याचा लहानपणापासून वैताग होता. चुकणारी हीच, रडणारी हीच, आणि डोळे पुसायला आपण. आज तिने रुमाल काढला नाही. रडू दिलं.

"नवा माणूस कधी येणार?" तिने थोड्या वेळाने विचारलं.

"सोमवारपर्यंत बघते." धाकटीने नाक ओढलं. "ताई, त्याला तूच येऊन समजावशील का? तुला किती छान सांगता आलं मघाशी."

थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. तिने पिशवी खाली ठेवली, ब्लीचचा रिकामा ड्रम उलटा केला आणि त्याच्यावर बसली.

"मी नाही येणार. तू सांगायचं. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला. आणि तुला सांगता येत नाही, ते आज सगळ्यांनी पाहिलं. बस समोर. मी नवा माणूस आहे असं समज. सांग मला."

"आत्ता?"

"मग कधी? सुरुवातीपासून सांग. काही वगळायचं नाही. आणि मला कंटाळा येईल का, याची काळजी तू करू नकोस."

धाकटी समोरच्या पायरीवर बसली. पहिलं वाक्य बोलली, त्यात तीन अवघड शब्द होते. थोरलीने तिन्ही परत घ्यायला लावले. दुसऱ्या खेपेला दोन आले. तिसऱ्या खेपेला मात्र ती सरळ बोलायला लागली. ऊन आत जातं म्हणजे काय होतं, गॅसमधलं काय उरतं, तेल बनवण्याचा गुण घालायचा म्हणजे नेमकं काय करायचं. थोरली मधेमधे अडवत होती, का, कसं, कशावरून. सव्वीस वर्षांत तिने लाखो रोपं उन्हात मांडली होती, आणि ऊन पानात शिरून पुढे काय होतं ते आज पहिल्यांदा तिला कोणीतरी सांगत होतं.

"आणि तेल बनवून त्याला काय मिळतं?" तिने विचारलं.

"कोणाला?"

"जंतूला. अन्न जास्त मिळतं?"

"नाही. उलट कमीच पडतं."

"मग बनवतो कशाला?"

"आपण त्याला तसं केलंय म्हणून," धाकटी म्हणाली. "त्याचा त्याला काहीच फायदा नाही."

थोरलीने तेहतीस नंबरच्या दाराकडे पाहिलं. ब्लीचने सोललेले हात तिने मांडीवर ठेवले होते.

"मग जो सोडून देतो," ती म्हणाली, "त्याचं काही चुकत नाही."

धाकटी ताईच्या हातांकडे बघत राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ते सरळ शब्दांत कसं बोलायचं ते तिला येत नव्हतं. थोरलीने थोडा वेळ वाट पाहिली, मग रुमाल काढून तिच्या हातात दिला.

"बरं, पुढे," ती म्हणाली. "फ्रीजरमधलं बी वर यायला सहा आठवडे का लागतात, ते सांग."

धाकटीने डोळे पुसले आणि सांगायला लागली.